पाचगणीच्या पियानोतले केसाचे बटण

आक्काताई आणि मानसिंग, तुम्हा दोघा लेकरांची माझ्याविषयी तक्रार एकच आहे : आबांनी आयुष्य सभांना दिले आणि घराला उरलासुरला वेळ. तक्रार खरी आहे. हा कागद तरी तुमच्यासाठी लिहितो.

मी, नाथाजी अर्जुना खराडे, वय एकाहत्तर, धंदा पियानो व पेटी दुरुस्ती, राहणार खणभाग, सांगली, पुरत्या शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

एक. खणभागातील दोन खोल्यांचे घर आक्काताईचे. मानसिंगने हरकत घेऊ नये. आईच्या आजारपणात त्याने पलटणीत रजेचा अर्जही दिला नव्हता. हे वाक्य खोडावेसे वाटते, पण खोडत नाही.

दोन. माझी सहाशे पुस्तके मानसिंगला. त्याने त्यातले एकही वाचलेले नाही, म्हणूनच.

तीन. सूर लावण्याच्या चाव्या आणि इतर हत्यारे मिरजेचे सतारमेकर लालासाहेब यांना. ते म्हणायचे, "नाथाजी, तुमचं यंतर भाषणावर चालतंय." तेव्हा राग आला होता.

चार. हे कलम सविस्तर लिहितो. पाचगणीच्या पावसात पियानो फुगतात, पट्ट्या अडकतात. एकाहत्तर साली तिथल्या एका शाळेने पियानोत दमटपणा आवरणारी यंत्रणा बसवायचे काम मला दिले. आत विजेवर तापणारी नळी असते. हवा कोरडी झाली की ती आपोआप बंद करणारे बटण परदेशातून यायचे. मी म्हणालो, आपल्या देशात हात नाहीत काय? माणसाचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्या ओढीवर मी बटण केले. केस आक्काताईचे घेतले. शाळेचा शिपाई ज्ञानू, मेढ्याचा, याला मी बजावले, "हात लावू नकोस. आपोआप बंद होतं."

मार्चमध्ये पियानोची नाद देणारी मोठी फळी उभी तडकली. नळी सारा हिवाळा तापत राहिली होती. शाळेच्या समितीपुढे मी अर्धा तास बोललो. ज्ञानूने बटणाशी खेळ केला, अशाच निष्काळजीपणाने देश मागे राहतो, असे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानू एवढेच म्हणाला, "म्या हात लावला न्हाई, सायेब." त्याच आठवड्यात त्याला काढले.

दोन वर्षांनी मी तसेच दुसरे बटण करून उकळत्या पातेल्यावर धरले. केस हलेना. आक्काताई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आवं आबा, रोज खोबरेल चोपडल्याला केस हाय त्यो. त्येला वाफ लागंल व्हय?" शिकेकाईने धुतला तेव्हा घटकेत हलला. दोष माझा होता. मी तो कोणालाही सांगितला नाही. कबूल करायला पाचगणीला निघून दोनदा वाईपर्यंत गेलो आणि परतीची गाडी धरली.

पुढे साताऱ्याच्या स्टँडवर ज्ञानू भेटला. तेव्हा तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. त्याने विचारले, "आबा, त्यो बाजा बरा झाला का?" सहा तालुक्यांत भाषणे केलेला मी "झाला" म्हणालो आणि गाडीत बसलो.

पाच. बँकेत जे असेल ते ज्ञानूला. ही भरपाई नव्हे. गेलेले नाव पैशाने परत येत नाही.

सहा. आक्काताई, माझे दिवस करण्याआधी मेढ्याला जाऊन ज्ञानूला सोबत घे, पाचगणीच्या त्या शाळेच्या समितीपुढे उभी राहा आणि कलम चार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाच.

सही : नाथाजी अर्जुना खराडे
आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार :
१. लालासाहेब हुसेन सतारमेकर, मिरज
२. यल्लाप्पा भीमा कोरे, सांगली
सांगली, २६ नोव्हेंबर १९७८