खालच्या घाटाची पाटी

आये, तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं म्हणून कधी लिहिलं नाही. आता तू नाहीस, तर लिहायला बसले आहे. लोणावळ्याच्या ज्या संस्थेत मी नोकरीला आहे, तिचं काम तुला कसं सांगू? नदी, रान, हवा यांत काय बिघडतंय याची माहिती गोळा करायची आणि गावोगाव सांगायची. तू हसली असतीस. आज पुढच्या वर्षाचं नियोजन ठरवायची बैठक होती. कुठल्या महिन्यात कुठल्या गावाचं पाणी तपासायचं, कुठे पाटी लावायची, हे आमचे सर फळ्यावर खडूने लिहीत होते. सर म्हातारे आहेत, मनाने वाईट नाहीत.

आमची माणसं गावात जातात, चावडीवर विचारतात, 'पाणवठा कुठे?' चावडी गावाचा घाट दाखवते. तिथे बाटली भरली की संपलं. त्याच्या खाली धुणं, धुण्याच्या खाली गुरं आणि गुरांच्या खाली आपण, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. या वेळी आपल्या घाटावरची बाटली मीच भरून आणली.

भरताना तो उन्हाळा आठवला. इंद्रायणीत म्हशी बसल्यात, आपल्या घाटाचं पाणी हिरवं झालंय. मी लहानगी कळशी घेऊन सरळ वर, गावाच्या घाटाकडे निघाले आहे. तू मागून येतेस आणि वेणी धरून मला ओढतेस. "वर पाय टाकलास तर हितं ऱ्हाऊ देत्याल का आपल्याला?" घरी आल्यावर तू लुगड्याच्या चौपदरी पट्टीतून पाणी गाळतेस, चूल फुंकतेस आणि डोळे पुसतेस. चुलीत तेव्हा धूर नव्हता, आये.

मग दीक्षा घेतलीस. फळीवरचे देव टोपलीत घालून त्याच घाटावर सोडून आलीस. पांढरं लुगडं नेसून किती ताठ चालत होतीस! दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा घेऊन पुन्हा तिथंच. देव गेले, घाट तोच राहिला. पुढे पावसाळ्यात तुला हगवण लागली. वडगावच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीत तू सारखं पाणी मागत होतीस आणि मी तांब्या तुझ्या तोंडाला लावत होते. ते पाणीही त्याच घाटाचं होतं. दवाखाना आला तेव्हा तू नव्हतीस.

बाटलीचा निकाल आला: पिण्यास अयोग्य. रविवारी वस्तीत सांगायला गेले. आपल्या शेजारची मावशी शेण थापत होती. तिने मान वर केली नाही. "ह्ये तर तुज्या आयेला बी ठावं व्हतं. मंग प्यावं कुटं? तुमची पाटी पिऊ व्हय?"

म्हणून आज बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, "पाटीवर आणखी एक ओळ हवी. 'वरच्या घाटावर सर्वांनी पाणी भरावे.'" सरांनी चष्मा काढला. "बाई, आपण माहिती देतो. गावात भांडणं लावत नाही. दुसरी ओळ नको." मग चहा आला. मला राग आला आणि तो मी चहाबरोबर गिळला. फळ्यावर लिहिलं गेलं: खालचा घाट, पावसाळ्याआधी, पाटी एक. माझं अक्षर चांगलं आणि गाव माझं, म्हणून रंगवायचं काम माझ्याकडे.

पाटीची फळी आता समोर आहे. 'हे पाणी पिऊ नये' एवढं लाल रंगात लिहून झालं आहे. त्याखाली एका ओळीची जागा सोडली आहे. ती ओळ लिहिली तर नोकरी जाईल, ते चालेल. पण पाटी ठोकून मी संध्याकाळच्या गाडीने लोणावळ्याला परत येणार, आणि सकाळी हंडा घेऊन वर जाईल ती मावशी. काठ्या पडल्या तर तिच्या पाठीवर पडतील. नाही लिहिली, तर तीच मावशी पाटीखाली वाकून तेच पाणी भरेल.

रंगाचा डबा उघडाच आहे. साय धरायला लागली आहे. तू मला ओढलंस तेव्हा तुझा हात कापत होता, त्याचं मला फार नवल वाटलं होतं. आज ब्रश हातात धरवत नाही, आये. मलाही भीती वाटते.