खेचरांची बाजू

आबा, तुम्ही गेल्यावर घरात बरंच काही झालं. त्यातलं सगळ्यात मोठं हे, की मी जपानी माणसाशी लग्न केलं. योकोहामात राहते. मुलगी नऊ वर्षांची आहे.

गेल्या रविवारपासून मला स्वस्थ बसवत नाही. नवऱ्याला शिशाचे बोटभर सैनिक रंगवायचा नाद आहे. तशाच नादिष्ट लोकांचं प्रदर्शन होतं, तिथे तो आम्हा दोघींना घेऊन गेला. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली आणि टेबलांवर जुन्या लढाया. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, तेवढी माणसं पुढे सरकवायची. दादानं काठीची बंदूक केली म्हणून तुम्ही ती चुलीत घातली होतीत, ते आठवून मला तिथे उभं राहवेना. "चल ना घरी," मी दोनदा म्हटलं.

त्याच्या टेबलावर ब्रह्मदेशाची सरहद्द होती, इंफाळकडचे डोंगर. त्याच्याकडे जपानी सैन्य; समोरच्या, इंग्रजांच्या हिंदी फौजेकडून खेळणारा माणूस आजारी पडला होता. "तू टाकशील फासे?" त्यानं विचारलं. मी नाहीच म्हणणार होते, पण ओढ्याकाठी खेचरं दिसली. पाठीवर ओझी, आणि प्रत्येकाचा लगाम धरून एक माणूस. त्यांना परक्याच्या हाती कसं द्यायचं? मी बसले.

त्या लढाईचं तुम्ही कधी बोलत नसा. एकदाच, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही जेवता जेवता थांबलात. तुमच्या खेचराला गोळी लागली, ते ओढ्यात बसलं, तुम्ही त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून राहिलात, शेवटी सुभेदारानं बखोट धरून ओढलं. "नाव ठेवलं होतं त्याचं," म्हणालात. नाव काही सांगितलं नाहीत.

आमचा खेळ बघत एक वयस्क जपानी गृहस्थ उभे होते. ते हलकेच म्हणाले, "खेचरं उघड्यावर नेऊ नका. आम्ही आधी त्यांच्यावरच नेम धरायचो."

माझा हात थांबला. "तुम्ही होता तिथे?"

"पोरगेलाच होतो. खायला काही नव्हतं. खेचर दिसलं की आम्हाला तांदूळ दिसायचा."

"माझे वडील खेचरं हाकायचे."

त्यांनी विचारलं, "परत आले?"

"आले."

"बरं झालं," म्हणाले, आणि टेबलाची कड धरून खुर्चीत बसले. खेळ तिथेच मोडला.

मी त्यांना चहा आणून दिला, आबा. मला राग यायला हवा होता का? तुम्ही दिला असता चहा? भांडी घासताना, कपडे वाळत घालताना हेच डोक्यात फिरतंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जावं कळत नाही.

परतीच्या गाडीत मुलीनं जपानीत विचारलं, "आजोबांना पप्पा आवडले असते?" नवरा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याची मान ताठ झाली. मी म्हटलं, "हो. खूप."

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून कबूल करते. ते उत्तर मी तुम्हाला न विचारता दिलं. आणि देताना बघत होते त्याच्याकडे, तिच्याकडे नाही.