वरातीची घोडी

अमरावती,
६ मार्च १९६१

प्रिय चारू,

तुझं कार्ड पोचलं. चारच ओळी, आणि त्यातली शेवटची एवढी दाबून लिहिलेली की टाक कार्डातून आरपार गेलाय. ‘आई, लोक म्हणतात ते खरं आहे का?’ त्याचं उत्तर देणार आहे, पण सगळ्यात शेवटी. आधी सगळी हकिकत ऐकून घे, कारण या साऱ्याची सुरुवात तूच केलीस. घोडी तू मिळवून दिलीस, आणि आता मलाच जाब विचारतेस.

खुशालरावांना तू अकोल्याला निघतेवेळी पाहिलंस तेवढंच. आमच्या शाळेत ते मुलींची कवायत घेतात. लढाईत ब्रह्मदेशात पलटणीची घोडी-खेचरं सांभाळायचे. तिथं डावा गुडघा गेला, तो अजून वाकत नाही. त्यामुळे सगळं जग डावीकडून घोड्यावर चढतं आणि हे उजवीकडून. मागच्या पावसाळ्यात धारणीहून एक अडलेली बाई बैलगाडीतून खाली आणत होते, तेव्हा हे त्या रस्त्यावर होते. ती बाई वाटेतच गेली. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं, की धारणीला बाळंतिणींसाठी दोन खोल्या झाल्या पाहिजेत. पैसा कुठला आणायचा, तर अकोल्यापासून धारणीपर्यंत घोड्यावर जायचं आणि गावोगाव मागायचं. वामनराव वकिलांनी समिती काढली आणि स्वतःची जीप दिली. वर्गणीच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आली. विधवा मास्तरीण, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास.

घोड्याचं मात्र कुठंच जमेना. तेव्हा तू तुझ्या सासरच्या ओळखीनं त्या बँडवाल्याकडून चांदणी मिळवलीस. खुशालरावांनी तिचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, डोळ्यांपुढून हात फिरवला, पोटाला कान लावला आणि पसंत आहे म्हणाले. पलटणीत जे जे तपासतात ते सगळं तपासलं. ती आजवर काय काम करत होती हे मात्र त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, आणि बँडवाल्याला वाटलं, एवढ्या माणसांत कुणाला तरी ठाऊक असेलच.

मूर्तिजापूरला कळलं. वेशीवर लोकांनी आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता आणि डफडी-ताशा लावला होता. ताशा वाजला मात्र, चांदणीनं मान वाकडी केली, तीन पावलं टाकली आणि थांबली. पुन्हा तीन पावलं, पुन्हा थांबली. खुशालरावांनी टाच मारली, लगाम सैल सोडला, पलटणीतल्या हिंदीत समजावलं, पण व्यर्थ. मांडवाच्या दारात तर ती खांबासारखी उभी राहिली. शेवटी एका म्हातारबाबांनी सांगितलं की ही वरातीची घोडी दिसते, मुलीकडच्या बाईनं पायावर पाणी घालून गूळ-डाळ चारल्याशिवाय ती हलायची नाही. गावच्या बायका लाजून एकमेकींना पुढं ढकलत होत्या. ऊन चढत होतं. मी जीपमधून उतरले, तांब्या घेतला, पायावर पाणी घातलं, गूळ-डाळ चारली, आणि बाईसाहेब निघाल्या.

ते मग रोजचंच झालं. आपल्या वऱ्हाडात पाहुण्याला वाजवल्याशिवाय गावात घेत नाहीत, आणि वाजलं की चांदणी नवरदेव घेऊन निघालीच. एवढा लढाई पाहिलेला माणूस, पण खोगिरावर असा चोरट्यासारखा बसायचा की बघवत नसे. बडनेऱ्याला एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “नवरदेव पिकला वो माय, पन घोडी झकास हाय. नवरी कुठी हाय?” आणि आपला देवीदास ड्रायव्हर जीपमधून ओरडला, “हे का, मांगून जीपमंदी येऊन राहिली.” सगळी वेस हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. ते हसू तुझ्या सासूबाईंपर्यंत पोचलं असणार. माणिकबाईंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की विनोद देवीदासचा होता.

सगळीकडे हसूच होतं असंही नाही. मोर्शीजवळच्या एका गावात दोघी-तिघी पुढं आल्या आणि म्हणाल्या की असल्या कामाला विधवेचा हात नको. मी तांब्या खाली ठेवला. तेव्हा खुशालराव घोडीवरूनच म्हणाले, “पानी घोडीच्या पायावर पडून राहिलं, तुमच्या पायावर नाई. तुमाले काहून तरास? बाई, घाला तुमी.” मी घातलं. त्याच गावानं संत्र्यांच्या एवढ्या करंड्या दिल्या की जीपमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या परतवाड्याच्या बाजारात विकून पैसे पेटीत टाकले.

परतवाड्याच्या पुढं घाट चढून रानात शिरलो आणि जीपनं मान टाकली. वामनराव म्हणाले, पुष्कळ झालं, लोकांनी कौतुक केलं, आता इथूनच परतू. मागून आलेल्या लाकडाच्या ट्रकमध्ये बसून ते खाली गेलेसुद्धा. धारणीला लोक त्याच दिवशी वाट पाहणार होते. खुशालराव वाद घालत बसले नाहीत, त्यांनी फक्त चांदणीचा पट्टा आवळला. मी पेटी उचलली. देवीदास जीपपाशी थांबला, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं घोडीवर बसत निघालो. पाचवारी नेसून घोडीवर बसणं काय असतं ते तुला भेटल्यावर सांगेन. पण चारू, त्या रानात ताशा नव्हता, मांडव नव्हता, आणि चांदणी अशी सरळ, झपाझप चालली की खुशालराव तिच्याकडे कौतुकानं पाहतच राहिले. तुझे बाबा गेल्यापासून मी कुणाबरोबर इतकी गप्प आणि इतकी खुशीत चालले नव्हते.

धारणी जवळ आली तेव्हा पाळी माझी होती. वळणावरच ढोल सुरू झाला, आणि चांदणी थांबली. मी वर. पायावर पाणी घालायला नेहमी जी उतरायची ती आज घोडीवर बसलेली. खुशालरावांनी माझ्या पिशवीतून तांब्या काढला, ओढ्यावरून भरून आणला, आपला न वाकणारा गुडघा एका बाजूला लांब करून ते खाली बसले आणि घोडीच्या चारही पायांवर पाणी घातलं, मग उठून गूळ-डाळ चारली. तेवढ्यात तिथली सुईण जाईबाई कुंकवाची कोयरी घेऊन आली. माझ्याबद्दल कुणीतरी तिच्या कानाशी कुजबुजलं. ती म्हणाली, “घोडीवर बसून आली, मंग कोऱ्या कपाळानं कशी उतरन?” आणि तिनं लावलं. मी पुसलं नाही.

त्या खोल्यांचा पाया आता खणताहेत. माझं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर खुशालराव टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, हे घोडी मले रोज लगनाले घेऊन चालली होती. मीच नाई नाई म्हनत होतो. आता मले नाई म्हनाचं नाई. तुमी सांगा.” मी विचार करून सांगते म्हटलं. घरी आले, तर दारात तुझं कार्ड पडलेलं.

तर चारू, आता उत्तर. तू ते कार्ड लिहिलंस तेव्हा लोक म्हणत होते ते खोटं होतं. आता ते खरं आहे. काल मी त्यांना होकार दिला. लोक काय काय बोलतील ते मला ठाऊक आहे. जात काढतील, वय काढतील, तुझ्या बाबांचं नाव काढतील. तुला सासरी ते ऐकावं लागेल याचं मला वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं. पण मला हा माणूस हवा आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आज लिहायला बसले. लग्न नोंदणीचं, पाडव्यानंतर कधीतरी. बँड नको म्हणून मी बजावलं आहे, पण देवीदासचा काही भरवसा नाही, आणि खुशालराव चांदणीवरूनच येणार म्हणून बसले आहेत. म्हणजे ती आपल्या दारात येऊन उभी राहणार, आणि मुलीकडचं कुणी तांब्या घेऊन बाहेर आल्याशिवाय हलणार नाही. चारू, माझ्याकडचं म्हणायला एक तूच आहेस. येशील ना?

वाट पाहणारी,
तुझीच
आई