माझ्या केबिनचा बीम

सोमवार, ४ मार्च
निर्णय झाला. वर्कशॉपमध्ये मलाही केबिन. दादाची माळ्यावर आहे, काचेची, पंखा असलेली. मी खाली, लेथजवळ, स्टुलावर. गिऱ्हाईक येतं आणि मलाच विचारतं, मालक वर आहेत का? अरे, निम्मा मालक समोर बसलाय! दादाचा माळा ज्या कॉलमवर टेकलाय, त्याच कॉलमला दुसऱ्या अंगाने एक नवा बीम जोडला की झालं. आठवड्याचं काम.

बुधवार, ६ मार्च
दादाला सांगितलं. म्हणाला, कर, पण एखादा इंजिनिअर बोलावून दाखव. इतकी वर्षं लोकांच्या शेड उभारतोय, स्वतःच्या केबिनला परवानगी काढू? दादा नुसता हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च
बीम आला. लांब निघाला. माप मीच दिलं होतं, पण कापणाऱ्याने एकदा विचारायला नको? परत पाठवला. आजपासून चिडायचं नाही असं ठरवलंय. उद्यापासून.

सोमवार, १८ मार्च
बीम कापून परत आला. आज डोकंही चाललं. कॉलमला नवी भोकं पाडायचीच नाहीत! दादाच्या बीमचे चार बोल्ट कॉलममधून आरपार आलेत. त्यांचे नट काढायचे, त्याच बोल्टांवर माझा बीम अडकवायचा, पुन्हा नट आवळायचे. एका दगडात दोन पक्षी.
वहिनी डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, नट काढल्यावर ह्यांचा बीम कशावर राहणार? म्हटलं, वहिनी, इतकी वर्षं राहिलाय, त्याला आता सवय आहे. दादा वरून ओरडला, आधी खाली टेकू लाव. लावतो म्हटलं. टेकूचे पाइप दुसऱ्या साइटवर पडलेत. उद्या नक्की.

मंगळवार, १९ मार्च. सकाळी, हॉटेलात
टेकू राहिला. अर्ध्या तासाच्या कामासाठी पाइप आणायला टेंपो कोण करणार? नट काढले, नवा बीम चेनकप्पीने वर चढवला आणि बोल्ट आखूड पडले. मध्ये आणखी एक प्लेट आली की बोल्ट लांब लागणार, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. वरचे दोन काढून ठेवलेत, खालचे दोन नुसते भोकात आहेत. दादा वर फोनवर होता, म्हटलं कशाला त्रास द्या.
लांब बोल्ट घेतले. सोबत चहा. हॉटेलवाल्याला केबिनचा नकाशा काढून दाखवला. पडदे निळे घ्या म्हणाला. माणसाला दृष्टी आहे. अजून एक चहा सांगितलाय.

गुरुवार, २१ मार्च
परवा दादाचा बीम खाली आला.
दादा आवाज ऐकून वेळेत जिना उतरला होता. अंगावर ओरखडा नाही. मग मी कुठे दिसेना, म्हणून तो परत आत गेला. लेथवाला सांगत होता, छोट्या खाली होता, छोट्या खाली होता, असं ओरडत गेला. त्याला धरायला गेलेल्यांना ढकलून दिलं. तेवढ्यात उरलेला माळा त्याच्या पायावर आला.
पायात सळई घातलीय. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, तू कुठे होतास? म्हटलं, बोल्ट आणायला. म्हणाला, बरं झालं रे.
बोल्टांचं दुकान वर्कशॉपच्या समोरच आहे. चहाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.
वहिनी रडत म्हणाली, आता वर्कशॉप कोण बघणार? दादाने माझ्याकडे बोट केलं. हा आहे ना, म्हणाला.
सकाळपासून किल्ली हातात घेऊन बसलोय. शटर उघडायला जाववत नाही.