मी सांगितलेला शेवट

२५ मे १९९७, रविवार

भंगार पिक्चर! तीन तास नुसती रडारड, एक धड थोबाडीत नाही कुणाच्या. सुकन्याच्या भावानं भाड्यानं व्हिडिओ आणला म्हणून अख्खी चाळ त्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. तानूबाईंचा पदर ओलाचिंब. मी म्हटलं, त्या व्हिलनला मी असते तर उखळात घालून कांडला असता. तानूबाई म्हणाल्या, "कुलूप घाला गं हिच्या तोंडाला."

सुकन्याचं नेहमीचं — "असं कुठं असतंय व्हय?" हिला एक पिक्चर पटेल तर शपथ! गोळी लागलेला हिरो गाणं म्हणतो तर ही विचारते, रगत कुठं गेलं?

शेजारची योगिनी आली नाही. नरसिंहपूरची जत्रा करून कालच माहेराहून परत आलीय. दोन दिवस जास्त राहिली. त्याची वसुली आज दुपारभर भिंतीपलीकडं चालली होती.

२६ मे

योगिनीच्या दंडावर काळानिळा पट्टा, तळहाताएवढा रुंद. फॅनबेल्टचा! ऊस संपला, भवानीनगरचा कारखाना बंद झाला, तेव्हापासून तिच्या नवऱ्याचा, रविराजचा ट्रॅक्टर दारात उभा आहे आणि रविराज घरात. जुना फॅनबेल्ट दाराआड खिळ्याला टांगलेला असतो. मी डोळ्यांनी पाहिलाय.

हा माणूस दारू पीत नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. म्हणून सगळे म्हणतात, रविराज म्हणजे सोनं. सोनं! तापवून डाग दिला पाहिजे या सोन्याला.

जयवंतला सांगितलं. नवरा माझा, वर्कशॉपात दिवसभर लोखंड ठोकतो पण घरी आला की मेण. म्हणाला, "त्यांच्या घरातलं त्यांना. तू नाक खुपसू नको."

२९ मे, गुरुवार

बारामतीला गेले होते बाजाराला. मावसबहिणीबरोबर मॅटिनी बघितली, जुनाच कुठला तरी. डोकं फिरलंय!

त्यात एक बाई असते. नवरा रोज मारतो. सगळं गाव ऐकतं. एक दिवस ती मुसळ उचलते आणि त्याच्या हातावर घालते — काड! अख्ख्या थिएटरात शिट्ट्या. मी पण वाजवली असती, येत असती तर. मग ती अंगणात येऊन गावातल्या बायकांना हाका मारते. आणि एक एक दार बंद होत जातं. एकही बाई बाहेर येत नाही. दीर येतात, तिला ओढत नेतात आणि विहिरीत टाकतात.

तिथून पुढं तिचा भाऊ तासभर मारामारी करतो. कशाला? ती तर मेली! लोक टाळ्या वाजवत होते, मी बटाटेवडा न खाता तसाच पिशवीत टाकला.

३१ मे

आमच्यात ठरलेलंच आहे — जी पिक्चर बघून येते तिनं कॅनॉलवर धुणं धुताना सगळी स्टोरी सांगायची, मारामारीसकट. मारामारी मी उभी राहून सांगते, हातात धोपाटणं घेऊन. आज तर चादरीवरच घातलं. चादर फाटली!

पण शेवट सांगायची वेळ आली आणि समोर योगिनी बसलेली. रविराजच्या विजारी पिळत होती. दंडावरचा पट्टा हिरवा पडला होता. माझ्या तोंडून विहीर निघेना. मी बदललं. म्हटलं, तिनं हाक मारली आणि पटापट दारं उघडली! कुणाच्या हातात उलथनं, कुणाच्या खराटा, एकीनं तर तापलेला तवाच आणला. सगळ्या बायकांनी त्याला असा धुतला, असा धुतला की दीर वेशीवरूनच पळाले.

"असं कुठं असतंय व्हय?" — सुकन्या.

योगिनी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या बाहेर आल्या?"

"सगळ्या."

"तू सोता बघितलंस?"

"व्हय की! ह्या डोळ्यांनी."

मग ती हसली. किती दिवसांनी हसली!

३ जून

अकरा फटके. भाजीत मीठ जास्त झालं होतं म्हणे.

५ जून

कॅनॉलवर अजून तोच पिक्चर चालू आहे. तानूबाईंचं मत, बाईनं नवऱ्यावर हात टाकायला नको होता, पिक्चरमधी झालं तरी. सुकन्या म्हणते, मुसळानं हात मोडतच नाही, डोक्यातच बसतं. मी दोघींना झापलं. म्हटलं, तुम्ही दोघी नुसत्या बघत बसला असता. मी असते तर सगळ्यांच्या आधी धावले असते.

योगिनी पाण्यात उभी होती. म्हणाली, "पयली?"

"पयली!" मी म्हटलं. छातीवर हात मारून म्हटलं.

८ जून, रविवार

योगिनीनं रविराजला मारलं! धोपाटण्यानं! उजव्या मनगटाचं हाड मोडलं! भरदुपारी.

मी गिरणीत होते, दळणाला. आले तेव्हा अंगणात रक्त आणि सगळी चाळ बाहेर. योगिनीचा कान फाटलाय. डाव्या हातानं त्यानं कानातलं ओढून काढलं. लाथांनी बरगड्या गेल्या असतील. सुकन्या आणि तिचा भाऊ तिला जीपमधून बारामतीला घेऊन गेले. रविराज ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता, मोडलेला हात मांडीवर घेऊन, आणि शिव्या देत होता. त्याच्या तोंडावर सगळीकडं बारीक बारीक ओरखडे.

मी असते तर त्याचा दुसरा पण मोडला असता. पण गिरणीत रांग होती.

९ जून

खोटं. काल मी गिरणीत गेलेच नव्हते.

वहीला काय फसवायचं? मी घरात होते. जयवंत कामावर, मी एकटी पोळ्या लाटत होते. भिंतीपलीकडं फॅनबेल्ट वाजत होता. मग थांबला. मग दुसराच आवाज आला, लाकडाचा, कॅनॉलवर येतो तसला. एक. दोन. आणि रविराज बैलासारखा ओरडला. मला आनंद झाला. खरंच आनंद झाला! मी लाटणं पोळपाटावर आपटलं. मार, आणखी मार, म्हटलं.

मग त्यांचं दार धाडकन उघडलं. त्यानं तिला केसाला धरून अंगणात ओढली. खिडकीच्या फटीतून दिसत होतं. पोटात लाथ, छातीत लाथ. ती आडवी. तो गुडघा तिच्या मानेवर ठेवून तिच्या कानाशी झटत होता, आणि कान सुटला तसा रक्ताचा शिंतोडा पार तुळशीपर्यंत गेला. ती "आई गं" ओरडली नाही, "वाचवा" ओरडली नाही. ती ओरडली —

"सुप्रे! ये गं!"

तीनदा. माझंच नाव, तीनदा.

लाटणं हातात होतं. दारापर्यंत गेले. आणि कडी लावली. मग वरची पण लावली.

त्याचे डोळे दिसले होते मला. दुसरं काही कारण नाही. मी त्याला घाबरले.

सुकन्या आली. "असं कुठं असतंय" म्हणणारी सुकन्या! खराटा घेऊन धावत आली आणि त्याच्या तोंडावर मारत सुटली. मागून तानूबाई, हातात कपडे वाळत घालायची काठी. "आरं ए मुडद्या, सोड तिला!" तानूबाईंनी काठी त्या मोडक्या मनगटावरच घातली. तेव्हा सोडलं त्यानं. मग आणखी चारपाच जणी आल्या. एकीच्या हातात खरंच उलथनं होतं. मी सांगितलं होतं अगदी तसं झालं. फक्त मी नव्हते.

सगळं झाल्यावर मागच्या दारानं निघाले, गिरणीच्या अंगानं वळसा घालून आले, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन. "अगं बाई, काय झालं?" असं म्हटलं मी. माझ्या तोंडात शेण घातलं पाहिजे.

१२ जून

तानूबाई म्हणाल्या, "बरं झालं तू हितं नव्हतीस. तू तर त्याला मारूनच टाकला असतास."



१५ जून

योगिनी वाचली. तीन बरगड्या, कानाला टाके. सुकन्यानं तिच्याबरोबर जाऊन पोलिसांत लिहून दिलं. रविराजला नेलं. योगिनीचा भाऊ तिला दवाखान्यातून परस्पर नरसिंहपूरला घेऊन गेला.

कॅनॉलवर कुणी पिक्चरचं नाव काढत नाही. सगळ्या खाली मान घालून धुणं बडवतात.

हे माझ्यामुळं झालं. खरा शेवट सांगितला असता, विहीर सांगितली असती, तर तिनं हात उचलला नसता. मी पिक्चर बदलला आणि ती भोळी, खरं मानून बसली. एखादी लाथ वर्मी लागली असती तर? मीच मारली असती तिला. एकदा तरी तिच्यापुढं खरं बोललं पाहिजे. कडीचं नाही जमणार. पण पिक्चरचं तरी सांगेन.

२२ जून

नरसिंहपूरला जाऊन आले, तिची पेटी द्यायला. ती ओट्यावर बसली होती, कानाला पट्टी. मी मान वर न करता सांगून टाकलं — त्या बाईला विहिरीत टाकतात गं, एकही दार उघडत नाही, मी तुला खोटं सांगितलं.

ती म्हणाली, "ठावं हाय. तुझ्या आदी बघितला व्हता मी, हितं जत्रंत, तंबूत. तू शेवट बदललास तवाच म्हनलं, बाकी कुनी येऊ न येऊ, सुप्री येनार."