खोलीचं तापमान

४ फेब्रुवारी १९७४, पहाटे ५
यंदा मॅट्रिक होणारच. शाळेच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं परीक्षानळ्या धुतोय. जूनमध्ये असिस्टंटची जागा भरणार, अट फक्त मॅट्रिकची. हेडमास्तर शिवप्पा सर म्हणाले, "महिपती, पास व्हा, जागा तुमची." आमची यशोदाही बसतेय, तिसऱ्यांदा. वेळ मिळेल तसं पोरीला शिकवीन.

११ फेब्रुवारी
गणित उद्यापासून. आज मूलद्रव्यांचे वितळणबिंदू मोठ्यानं म्हटले. टंगस्टन ३४१०. पारा उणे ३८.९ (उणे ३९ म्हणणारे आळशी). रुक्मिणी चुलीपाशी होती. म्हणाली, "अवो, ही डाळ शिजंना, तिचा बी आकडा सांगा की." दुर्लक्ष केलं.

२० फेब्रुवारी
पुस्तकात घोडचूक सापडली. म्हणे खोलीच्या तापमानाला द्रवरूप मूलद्रव्यं दोनच, पारा आणि ब्रोमीन. पण खोली कुठली? सोलापुरात मार्चात, पत्र्याच्या वर्गात, दुपारी ३८. सीझियम २८.५ लाच वितळतं, गॅलियम २९.८ ला. झाली चार. फ्रॅन्सियमबद्दल अजून मत बनवलेलं नाही. यशोदाला समजावलं. म्हणाली, "बाबा, मी आपलं पुस्तकातलंच लिवते." हिचं यंदाही कठीण दिसतंय.
गणित सोमवारपासून.

१४ मार्च, संध्याकाळ
विज्ञानाचा पेपर. पहिलाच प्रश्न: खोलीच्या तापमानाला द्रवरूप मूलद्रव्ये किती? गुण एक. नशीब लागतं.
पर्यवेक्षकाकडे थर्मामीटर मागितला. म्हणाले, "ताप आलाय का काका?" खोलीचा बघायचाय, म्हटलं. "गप लिवा की."
तीन पुरवण्या लागल्या. घंटा झाली तेव्हा फ्रॅन्सियमवर होतो. बाकीचे बरेच प्रश्न राहिले, पण तपासणाऱ्याला माणूस कळेल.

८ जून
निकाल. विज्ञान १९. परीक्षकाच्या गावी हवा थंड असावी. गणितात मात्र ४१, कसे ते मलाही सांगता येणार नाही. यशोदा सगळ्यात पास. रुक्मिणीनं पेढे वाटले. शेजारी माझंच अभिनंदन करून गेले. कुणाला थांबवलं नाही.

१७ जून, सोमवार
सरांनी जागा भरली. यशोदा आजपासून असिस्टंट. मी होतो तिथंच, तिच्या हाताखाली. पहिल्याच तासाला म्हटलं, पाऱ्याची बाटली माझ्याकडं राहू दे, तुला सवय नाही. तिनं कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आधी नळ्या धुवा. सर बघतायत."
धुतल्या. बत्तीस.