नीटनेटकी रुग्ण

माननीय आरोग्य विमा अधिकारी यांस,

माझी पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आहे. सरकारी विम्यातून घरी परिचारिका मिळावी, म्हणून मी अर्ज केला आणि आपण स्वतः पाहणीस आलात. साहेब घरी येणार म्हणून मी तिला आंघोळ घातली, इस्त्रीचे कपडे घातले आणि उशांचा टेकू देऊन खुर्चीत बसवले. मी जन्मभर रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम केले आहे. घरचे माणूस पाहुण्यासमोर मळके बसवणे मला जमत नाही.

आपण दारातूनच म्हणालात, "वा आजोबा, आजी तर ठणठणीत दिसतायत!" तिला उठता येते का, हे आपण विचारलेही नाही. अर्ज नामंजूर झाला. कारण दिले की रुग्ण नीटनेटकी आहे, परिचारिकेची गरज नाही.

साहेब, तिला उचलून माझी कंबर गेली आहे. परवा ती माझ्या हातून निसटून पडली. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, तरी एवढे मला कळते की आपल्या योजनेत घरच्यांनी टाकून दिलेलाच माणूस आजारी ठरतो.

मी पुन्हा अर्ज केला. उद्या आपणच फेरपाहणीस येणार आहात, म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, उद्या आईंना तशाच राहू द्या." मी तिच्यावर खेकसलो. तेव्हा पत्नीच म्हणाली, "अहो, तिला कशाला ओरडता? उद्या माझे केस विंचरू नका."

मी कंगवा फळीवर ठेवून दिला आहे. याबद्दल मी आपणांस कधीही क्षमा करणार नाही.

स्वतःस आपला नम्र न म्हणवणारा,
रुग्णाचा पती